आद्याक्षरांचे शेजार आणि अंत्याक्षरांची कुळे
इंग्रजी शब्दसमूह, मराठी कोशव्यवहार आणि समीक्षेची परिभाषा

१

पुण्याच्या वायव्येस असलेले आकुर्डी हे गाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीनचाकी वाहनांच्या निर्मितीमुळे देशभर परिचित झाले. १९५९ मध्ये दुचाकी व तीनचाकी वाहने बनविण्याचा परवाना मिळालेल्या बजाज ऑटो या कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला. २००७ मध्ये येथील वाहननिर्मिती थांबली. येथून बाहेर पडलेल्या वाहनाचे नाव 'ऑटोरिक्षा' असे होते. मात्र हा जोडशब्द लोकव्यवहारात अखंड टिकला नाही. मुंबई-पुण्याकडच्या मराठीने त्याचे शेपूट ठेवले आणि 'रिक्षा' हा शब्द रूढ केला. नागपुराकडे आणि बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद येथे त्याचे डोके शिल्लक राहिले व 'ऑटो' हा शब्द चालू झाला. वस्तू एकच, परंतु एका भाषिक समूहाला शब्दाचा अर्थ त्याच्या अंती सापडला, तर दुसऱ्याला आरंभी.

या शब्दाचा पूर्वेतिहासही छाटणीचाच आहे. मूळ जपानी 'जिनरिकिशा' या शब्दात 'जिन' म्हणजे मनुष्य, 'रिकि' म्हणजे बळ आणि 'शा' म्हणजे वाहन. इंग्रजीने त्यातला आरंभीचा मनुष्य गाळला. पुढे त्या रिकाम्या जागी ग्रीक 'ऑटो', म्हणजे 'स्वतः', येऊन बसला. माणसाच्या बळावर चालणारे वाहन आपले आपण चालणारे झाले. हाच 'ऑटो' इंग्रजी कोशात ऑटोग्राफ, ऑटोनॉमी, ऑटोबायोग्राफी, ऑटोमॅटिक अशा शब्दांच्या अग्रभागी उभा असतो व त्यांना एकाच पानावर आणतो. मराठीत यांचे प्रतिशब्द अनुक्रमे स्वाक्षरी, स्वायत्तता, आत्मचरित्र, स्वयंचलित असे झाले. एका आद्यघटकाची 'स्व', 'आत्म' आणि 'स्वयं' अशी तीन रूपे झाली आणि इंग्रजी पानावरचे शेजारी मराठी कोशाच्या दूरदूरच्या पानांवर विखुरले.

हा तपशील वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु मराठी समीक्षेची आजची परिभाषा बव्हंशी इंग्रजी संज्ञांच्या प्रतिशब्दांतून उभी राहिली आहे, आणि ते प्रतिशब्द एकेका नोंदीपुरते, सुटेसुटे शोधले गेले आहेत. समान आद्याक्षरांमुळे इंग्रजीत एकमेकांशी बोलणाऱ्या संज्ञा मराठीत परस्परांना अनोळखी झाल्या. तथापि त्यांच्या मराठी प्रतिरूपांनाही स्वतःची कुळे आहेत. ती बहुधा शब्दाच्या आरंभी दिसत नाहीत एवढेच. ही कुळे नजरेआड कशी झाली, हे समजून घेण्यासाठी कोशरचनेच्या इतिहासाकडे वळावे लागते.

२

संस्कृत कोशपरंपरेचा प्रतिनिधी मानला जाणारा अमरसिंहाचा 'नामलिंगानुशासन' अर्थात 'अमरकोश' हा सुमारे दीड हजार श्लोकांचा, मुखोद्गत करावयाचा ग्रंथ आहे. त्याची मुख्य रचना विषयवार आहे. स्वर्ग, काल, भूमी, पुर, शैल, वनौषधी, मनुष्य अशा वर्गांत शब्द विभागलेले असून एका पदार्थाची सर्व नावे एकत्र येतात. या कोशात शब्दाचा शेजारी त्याच्या अर्थावरून ठरतो.

मात्र तिसऱ्या कांडातील नानार्थवर्गाची रचना निराळी आहे. येथे एकाच शब्दाचे अनेक अर्थ सांगावयाचे असल्यामुळे अर्थावरून वर्गीकरण शक्य नव्हते. शब्दाच्या रूपाचाच आधार घेणे भाग होते. अमरसिंहाने तो आधार शब्दाच्या अंत्य व्यंजनात शोधला. प्रथम ककारान्त, मग खकारान्त, मग गकारान्त, असा हा क्रम आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने 'अनेकार्थसंग्रहा'त शब्दांची मांडणी आधी अक्षरसंख्येनुसार, मग अंत्य व्यंजनानुसार आणि त्यानंतर आद्य वर्णानुसार केली. म्हणजे वर्णक्रमाची कल्पना या परंपरेला अपरिचित नव्हती. तिने तो क्रम मुख्यतः शब्दाच्या अंताकडून लावला होता. पाठांतराच्या संस्कृतीत 'शोधणे' ही क्रिया गौण आणि 'आठवणे' ही प्रधान असते. पद्याच्या लयीत शब्दान्तांचे साम्य स्मृतीला जेवढा आधार देते, तेवढा शब्दारंभाचे साम्य देतेच असे नाही.

मराठी राज्यव्यवहाराशी निगडित असलेला 'राज्यव्यवहारकोश' हा याच परंपरेचा वारस होय. शिवकाळात, रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या या कोशात फारसी-दखनी राजकीय संज्ञांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग अशी त्याची दहा अंगे आहेत. परभाषेतील संज्ञांना सामोरे जाण्याचा हा संघटित प्रयत्न होता, आणि तो सुट्या शब्दांचा नव्हता. दुर्गाविषयीचा शब्द दुर्गाविषयीच्या इतर शब्दांसह पालटला गेला. व्यवहाराचे एक क्षेत्र सबंध घेऊन त्याची परिभाषा सिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकात मराठीला इंग्रजीला सामोरे जावे लागले, तेव्हा हा मार्ग अनुसरला गेला नाही.

३

आद्याक्षरांचा क्रम युरोपातही स्वयंसिद्ध नव्हता. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री याने सुमारे अडीच हजार कठीण इंग्रजी शब्दांचा कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्याला वाचकास अक्षरांचा क्रम नीट पाठ करण्याची सूचना द्यावी लागली होती. कोमेनियसचे १६५८ चे सचित्र पाठ्यपुस्तक विषयवारच होते. परंतु १७५५ च्या जॉन्सनकृत कोशापर्यंत आद्याक्षरक्रम निर्विवाद झाला होता, आणि मुद्रणाबरोबर तोच भारतात आला.

विल्यम केरी याचा मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे छापला गेला. त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत होते. १८२४ मध्ये व्हान्स केनेडी याचा द्विभागी कोश आला. १८२९ मध्ये शास्त्रीमंडळींनी सिद्ध केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' आणि १८३१ मध्ये जेम्स थॉमस मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. या कार्यात जॉर्ज व टॉमस कँडी हे बंधू मोल्सवर्थचे सहकारी होते. मोल्सवर्थने आरंभ केलेला आणि टॉमस कँडीने पूर्णत्वास नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये निघाला. मराठी-इंग्रजी कोशाची विस्तारित दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली.

या दोन कोशांची दिशा परस्परविरुद्ध आहे, आणि मराठीच्या बौद्धिक इतिहासात त्या दिशाभेदाला महत्त्व आहे. १८३१ चा कोश मराठी शब्दापासून निघतो. त्यात म्हणी, वाक्प्रचार, प्रांतिक रूपे, शब्दाचे मूळ संस्कृत, फारसी, अरबी की हिंदी याचे निर्देश येतात. शब्द आपल्या गोतावळ्यासह उभा राहतो. १८४७ चा कोश इंग्रजी शब्दापासून निघतो. इंग्रजी नोंदीपुढे मराठी पर्यायांची रास असते आणि तिच्यातून निवड करण्याचे काम वाचकावर सोपविलेले असते. पर्यायांची ही श्रीमंती वादातीत आहे. परंतु तेथे मराठी शब्द कोणत्या पानावर यावा, कोणाच्या शेजारी बसावा, हे इंग्रजी आद्याक्षरांनी ठरविले. पुढील पिढ्यांतील भाषांतरकार, पाठ्यपुस्तककार आणि समीक्षक यांची इंग्रजी संज्ञेशी गाठ पडत गेली ती प्रामुख्याने याच दिशेने.

याच सुमारास इंग्रजीत उलट्या दिशेचा एक प्रयत्न झाला. १८५२ मध्ये पीटर मार्क रॉजे याने कल्पनांच्या वर्गवारीनुसार रचलेला आपला प्रसिद्ध पर्यायकोश प्रकाशित केला. त्याच्या प्रस्तावनेतील एका टीपेत पूर्वसूरींचा उल्लेख करताना त्याने सर्वांत प्राचीन म्हणून 'अमरकोशा'चे नाव घेतले. त्याच्यासमोर कोलब्रूकने १८०८ मध्ये श्रीरामपूर येथे छापलेले भाषांतर होते. त्यातील वर्गीकरण सदोष व गोंधळाचे असल्याचा शेराही त्याने मारला. परंतु शब्दांना अर्थाच्या अंगाने एकत्र आणण्याची आद्य परंपरा म्हणून त्याला तिचीच नोंद घ्यावी लागली. इंग्रजी कोशकार आद्याक्षरांच्या क्रमातून वाट काढू पाहत होता, त्याच दशकांत मराठी सुशिक्षित वर्ग त्या क्रमात स्थिरावत होता.

४

समान आद्याक्षरांच्या इंग्रजी शब्दांत अर्थाचा संबंध नेमका कोणता असतो? स्थूलमानाने तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार निव्वळ लेखनगत शेजाराचा. रोमन लिपीतील 'सी' या अक्षराखाली कॅरेक्टर, सिनेमा आणि चॅप्टर हे शब्द एकत्र नांदतात. देवनागरीत येताच ते क, स आणि च यांच्या घरी जातात. 'नॉलेज' या शब्दाच्या आरंभीचे अनुच्चारित अक्षर त्याला रोमन कोशात ककाराच्या जागी नेते, देवनागरी त्याला नकारात आणते. हा शेजार अर्थशून्य असल्याने तो मोडल्याने काही हानी होत नाही.

दुसरा प्रकार फसव्या नात्याचा. इंग्रजीत 'इन्' या आरंभाने कधी अभाव सूचित होतो, तर कधी 'आत' हा अर्थ. मराठीलाही हा अनुभव नवा नाही. अनुमान, अनुवाद, अनुभव यांतील 'अनु' हा उपसर्ग आहे. अनुपस्थित, अनुत्तीर्ण, अनुदार यांत मात्र 'अन्' हा नकार पुढील उकारात मिसळला आहे. कोश त्यांना एकत्र बसवतो, व्युत्पत्ती वेगळे करते. 'ऑथर' आणि 'ऑथेंटिक' यांची कथा याहून उद्बोधक आहे. पहिला शब्द वाढविणे, प्रवर्तन करणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेल्या 'ऑक्टर'चा वंशज. दुसरा ग्रीक कुळातला. मध्ययुगीन लेखनिकांच्या हातून 'ऑथर'च्या लेखनात जे अक्षर शिरले, त्यामागे 'ऑथेंटिक'सारख्या शब्दांच्या सान्निध्याचा परिणाम मानला जातो. म्हणजे आद्याक्षरांच्या आभासी नात्याने प्रत्यक्ष लेखन बदलले, आणि अस्सलपणाची ग्वाही लेखकाच्या नावाला जणू जन्मतः चिकटली.

तिसरा प्रकार खऱ्या कुळसंबंधाचा. क्रिटिक, क्रायटेरियन आणि क्रायसिस हे तिन्ही शब्द वेगळे करणे, निवडणे, निर्णय देणे या अर्थाच्या एका ग्रीक धातूपासून आले आहेत. रोग्याच्या प्रकृतीचा निर्णायक क्षण, निर्णयाचे माप आणि निर्णय करणारी व्यक्ती असे हे कुटुंब आहे. टेक्स्ट, टेक्स्चर, टेक्स्टाइल हे विणण्याच्या लॅटिन धातूचे अपत्य होत. 'ऑथर' आणि 'ऑथॉरिटी' हे सख्खे भाऊ. १९६० नंतरच्या पाश्चात्त्य साहित्यविचाराने या नात्यांचा पुरेपूर उपयोग करून घेतला. रोलाँ बार्थ याने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, ती लेखकाच्या अधिकाराच्या विसर्जनाचीही घोषणा होती. संहितेला त्याने वस्त्राच्या विणीची उपमा दिली, तेव्हा ती उपमा शब्दाच्या पोटातच होती.

मराठी विद्यार्थी हा विचार वाचतो तेव्हा त्याच्यासमोर समीक्षक, निकष आणि अरिष्ट असे तीन शब्द असतात. संहिता, पोत आणि वस्त्र असे आणखी तीन. लेखक आणि अधिकार असे दोन. हे सर्व प्रतिशब्द आपापल्या जागी निर्दोष आहेत. परंतु लेखकाच्या मृत्यूने अधिकाराला धक्का का बसावा, किंवा संहितेला वीण का असावी, हे या शब्दांतून उमगत नाही. ते टीप देऊन सांगावे लागते. सिद्धान्ताचे अनुमान परक्या व्युत्पत्तीवर उभे राहते आणि मराठी वाचकाला ते ऐकीव प्रमाण म्हणून स्वीकारावे लागते. मराठीतील सैद्धान्तिक लेखन अनेकदा दुर्बोध वाटते, त्याचे एक कारण येथे आहे.

५

यावरून मराठीजवळ ही कुळे नाहीत असा निष्कर्ष निघत नाही. संस्कृत तत्सम शब्दांत उपसर्ग पुढे आणि धातू मागे असल्याने कुळाची खूण बहुधा शब्दान्ती असते. समीक्षा, परीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा या शब्दांना 'ईक्ष्' हा पाहण्याचा धातू बांधून ठेवतो. पाश्चात्त्य 'क्रिटिक' निवाडा करतो. मराठी 'समीक्षक' सम्यक पाहतो, आणि त्याच्या सहोदरांत वाट पाहणारी प्रतीक्षा व दुर्लक्ष करणारी उपेक्षा येते. हे निराळे तत्त्वज्ञान आहे. इंग्रजीतही इन्स्पेक्ट, रिस्पेक्ट, प्रॉस्पेक्ट अशी अंत्यसाम्याची कुळे आहेत हे खरे. पण आद्याक्षरक्रमाचा कोश तीही विखरून टाकतो.

हीच गोष्ट 'कृ' धातूची. 'लेखक' हा शब्द केवळ लिहिण्याची क्रिया सांगतो. परंतु 'ग्रंथकार' आणि 'अधिकार' यांचा शेवट एकच आहे. 'अधिकृत' आणि 'कर्ता' त्याच घरचे. इंग्रजीने आरंभी जपलेले लेखक-सत्तेचे नाते मराठीने अंती जपले होते. 'लेखक' या सोयीच्या शब्दाने ते झाकले गेले. विणीचीही तीच कथा. 'ग्रंथ' म्हणजे गुंफलेले, गाठलेले. 'संदर्भ' या शब्दातील धातूही ओवण्या-गुंफण्याचाच, त्यामुळे 'कॉन्टेक्स्ट'च्या एकत्र विणण्याशी तो तंतोतंत जुळतो. निबंध, प्रबंध, अनुबंध, आकृतिबंध हे सर्व 'बंधा'त अडकलेले आहेत. मराठीची रचनामीमांसा या शब्दान्तांत केव्हाची सांगितली गेली आहे.

शोकात्म व सुखात्म नाट्याच्या संज्ञा या संदर्भात विशेष बोलक्या आहेत. 'ट्रॅजेडी' आणि 'कॉमेडी' यांत गीतवाचक ग्रीक शब्द अंती आहे. हिंदीने 'त्रासदी' आणि 'कामदी' असे शब्द घडविले. त्यांत इंग्रजी ध्वनींचा, विशेषतः आद्यध्वनींचा, मागोवा आहे. मराठीने 'शोकांतिका' व 'सुखांतिका' आणि पुढे 'शोकात्मिका' व 'सुखात्मिका' या जोड्या रूढ केल्या. पहिली जोडी नाट्याच्या शेवटावर बोट ठेवते, दुसरी त्याच्या आत्म्यावर. 'अंत' की 'आत्मा' या शब्दान्तातील फरकात समीक्षेचे एक स्थित्यंतर सामावले आहे.

मात्र तत्सम शब्दांपाशी थांबून चालणार नाही. देशी व तद्भव मराठी शब्द प्रत्ययांनी वाढतात. त्यांचे कुळ आरंभीच दिसते. बांधणी, बांधीव, बांधेसूद. वीण, विणणे, विणकाम. घडणे, घडण, घडीव. आणि 'क्रिटिक'च्या कुळाला सर्वांत जवळचे मराठी कुळ याच थरात आढळते: निवडणे, निवड, निवडक, निवाडा. धान्य निवडणारी गृहिणी, निवडक कवितांचा संपादक आणि निवाडा देणारा पंच यांना एकाच शब्दाने गुंफणारी ही मालिका ग्रीक धातूच्या अर्थाची जवळजवळ पूर्ण व्याप्ती सांगते. प्रतिशब्दासाठी तत्सम भांडारातच हात घालण्याच्या सवयीमुळे ती परिभाषेच्या बाहेर राहिली.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शास्त्राशास्त्राचे स्वतंत्र परिभाषा कोश सिद्ध केले आणि एका परीने वर्गपद्धतीचे पुनरुज्जीवन केले. २००१ मधील 'वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोशा'ने प्रतिशब्दापलीकडे जाऊन संकल्पनेचा इतिहास सांगितला. या कार्याला पुढची जोड हवी ती धातुकुळांच्या नोंदींची: एका संज्ञेपाशी तिचे शब्दान्ताने आणि शब्दारंभाने जोडलेले मराठी आप्त दाखविणाऱ्या नोंदींची. अशी नोंद हाती असलेल्या विद्यार्थ्याला बार्थचे अनुमान स्वतःच्या भाषेत करून पाहता येईल, आणि जेथे ते साधत नाही तेथे का साधत नाही, हेही विचारता येईल.

ही कुळे केवळ ग्रंथांत नसतात. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या परिसराला औद्योगिक नगराचे रूप येत गेले. या नगरातील कामगाराच्या तोंडी शिफ्ट, शॉप, स्क्रॅप हे शब्द कोणत्याही कोशावाचून आले; यंत्र, काम आणि सहकारी यांनी त्यांचे अर्थ ठरविले. त्याच कामगाराच्या तोंडी एक तत्सम शब्दही सहज रुळला आहे: 'संघटना'. आनंदवर्धनाच्या 'ध्वन्यालोका'त 'संघटना' ही समासरहित, मध्यमसमासयुक्त वा दीर्घसमासयुक्त अशा पदरचनेची संज्ञा असून रसाशी तिचे नाते काय, याची तेथे चर्चा आहे. आकुर्डीत ती कामगारांच्या एकजुटीची संज्ञा आहे. 'घट्' या धातूने घटना, घटक आणि संघटना यांना शब्दान्तापाशी जोडले; त्याच्याच तद्भव वंशाने घडण आणि घाट हे शब्द समीक्षेला दिले. पदांची जुळणी आणि माणसांची जुळणी एकाच शब्दाने सांगणारी ही भाषा साहित्याचा घाट आणि समाजाची घडण यांचा संबंध शोधू पाहणाऱ्या समीक्षकाला आपणहून एक सूत्र देते. ते इंग्रजी-मराठी कोशाच्या कोणत्याही एका पानावर सापडणार नाही.